कन्सोलच्या सोबतीला काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

भाच्यानं पुण्याहून निन्टेन्डो स्विच २ हा गेम खेळायचा कन्सोल आणला आणि त्याच्याबरोबर एक भलामोठा खोकाही. खोक्यावर नुसती चित्रं: स्टिअरिंग, टेनिसची बॅट, गोल्फची काठी, मनगटाचे पट्टे, स्क्रीनची काच, पाऊच, चार्जिंगचा स्टँड. मोजले तर चोवीस नग. दिवाणावर सगळं पसरल्यावर ताईला वाटलं, पोरानं जत्रेतलं खेळण्यांचं दुकानच उचलून आणलं. मग आम्ही एकेक नग लावून बघायला बसलो. स्टिअरिंगच्या खाचेत कंट्रोलर बसेना. जुन्या स्विचचे जॉय-कॉन, म्हणजे दोन्ही बाजूंचे छोटे कंट्रोलर, पट्टीवर सरकवून बसवतात, स्विच २ चे लोहचुंबकानं चिकटतात, आणि हा सगळा खोका जुन्याचा होता. बॅटची तीच गत, काठीची तीच गत. काच ६.२ इंची, स्क्रीन ७.९ इंची. पाऊचची चेन लागेना. चोवीसातला एकच नग कामाला आला, तो म्हणजे स्क्रीन पुसायचं फडकं.

मी दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या घरी टेबलावर लोकांचे बिघडलेले कंट्रोलर उघडून बसतो. तिथं बसून दर दिवाळीनंतर हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. म्हणून ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कन्सोल आलाय, किंवा महिन्याभरात येणार आहे, त्यांच्यासाठी हे क्रमवार लिहितोय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण लोक बरोबर उलट्या बाजूनं खरेदी करतात. दिव्यांचा हेडफोन आधी घेतात आणि चार्जरचं लेबल शेवटपर्यंत वाचत नाहीत.

पहिली पायरी: कन्सोलचं पूर्ण नाव काढा

"प्लेस्टेशन आहे" एवढं दुकानदाराला सांगून भागत नाही. कन्सोल उलटा करा, मोबाईलची बॅटरी मारा आणि बारीक अक्षरातला मॉडेल नंबर वहीत उतरवून घ्या. स्विचवर एचएसी-००१ असेल तर तो २०१७ सालातला मूळ अवतार. पुढं कंसात ०१ जोडलेला असेल तर तोच, पण जास्त बॅटरी टिकणारा. एचडीएच-००१ म्हणजे स्विच लाइट, एचईजी-००१ म्हणजे ओएलईडी स्क्रीनवाला स्विच, बीईई-००१ म्हणजे स्विच २. पीएस५ वर सीएफआय-१००० च्या घरातला आकडा असेल तर तो पहिला जाडजूड, २००० च्या घरातला म्हणजे स्लिम, ७००० च्या घरातला म्हणजे प्रो.

हा आकडा का लागतो ते बघा. स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नाही, म्हणून त्याच्यासाठी डॉक, म्हणजे कन्सोल टीव्हीला जोडणारा स्टँड, घेणं म्हणजे सायकलला पेट्रोलची टाकी बसवणं. स्विच २ जुन्या डॉकमध्ये चालत नाही. जुने जॉय-कॉन स्विच २ वर वायरलेस चालतात, पण अंगाला चिकटत नाहीत आणि त्याच्यावर चार्जही होत नाहीत. पीएस४ चा कंट्रोलर पीएस५ ला जोडता येतो, मात्र त्याच्यावर पीएस४ चेच गेम खेळता येतात. पीएस५ चा गेम लावलात की तो नाही म्हणतो. एक्सबॉक्सवाले इथं सुखी आहेत: एक्सबॉक्स वनच्या काळातला कंट्रोलर सीरिज एस आणि सीरिज एक्सवर बिनतक्रार चालतो. स्लिम पीएस५ बिनडिस्कचा घेतला असेल तर डिस्क ड्राइव्ह नंतर वेगळा लावता येतो, पण जोडताना पहिल्यांदा इंटरनेट लागतं.

दुसरी पायरी: पंधरा दिवस काहीही घेऊ नका

खोक्यात जे आलंय तेवढ्यावरच खेळा. टीव्हीपाशी एक वही ठेवा आणि जिथं अडेल तिथं एक ओळ लिहा: "जागा संपली", "वायर सोफ्यापर्यंत येत नाही", "दोघांना एकदम खेळता येत नाही", "आवाजानं आजी उठल्या". पंधरा दिवसांनी वहीत चार-पाच ओळी असतील. तीच तुमची यादी. माझा स्वतःचा ठोकताळा असा की पहिल्या वर्षी सोबतच्या वस्तूंवर कन्सोलच्या किमतीच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त जाऊ देऊ नये. त्यापुढं जात असेल तर तो पैसा गेममध्ये घाला.

अपवाद दोनच: आठव्या पायरीतली स्क्रीनची काच, आणि वीज. वीज पहिल्या दिवशीच बघायची.

तिसरी पायरी: वीज

सांगलीत वळवाचा पाऊस आला की लाईट जाताना एकदा जाते आणि येताना तीनदा येते. कन्सोलला धोका जाण्यापेक्षा या येण्या-जाण्याचा जास्त. गेम सेव्ह होत असताना वीज तुटली तर ती फाइल बिघडू शकते. पीएस५ पुन्हा चालू केल्यावर नीट बंद न केल्याबद्दल बोलणी ऐकवतो आणि साठवण तपासत बसतो ते त्यासाठीच.

आधी लेबल वाचा. हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या अडॅप्टरवर, किंवा मोठ्या कन्सोलच्या पाठीवर, इनपुटच्या पुढं १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर तो आरामात चालतो. स्टॅबिलायझर लागत नाही, लागते ती फक्त आपली पिन. निन्टेन्डोचे कन्सोल आपल्याकडे बहुतेक बाहेरून आणूनच विकले जातात, त्यामुळं पिन कधी अमेरिकेची, कधी जपानची, कधी दुबईकडची येते. वीस रुपयांची ढिली कन्व्हर्टर पिन बोर्डात लटकते, आतून ठिणग्या पडतात आणि अडॅप्टर तापतो. जरा बरी, घट्ट बसणारी घ्या. मूळ पीएस५ ची वायर सुटी निघते. तिचं टोक इंग्रजी आठच्या आकाराचं, जुन्या टेपरेकॉर्डरच्या वायरीसारखं. ती आपल्या पिनेची इथंच कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, कन्व्हर्टरची कटकटच नको.

अमेरिकेहून कुणी मामानं जुना पीएस२ आणून दिला असेल तर मात्र थांबा. तो नुसता १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या बोर्डात घातला तर खेळ सुरू होण्याआधीच संपतो.

एक्स्टेंशन बोर्ड सर्ज प्रोटेक्शनवाला, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा घ्या, आणि घरात अर्थिंग आहे का ते वायरमनला एकदा तपासायला सांगा. जुन्या वाड्यात तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागं वायरच नसते. अशा ठिकाणी महागडा बोर्डसुद्धा अर्धंच काम करतो.

यूपीएस घ्यायचा का? मूळ पीएस५ ची कमाल क्षमता ३५० वॅट आहे, खेळताना तो साधारण २०० च्या आसपास घेतो. संगणकासाठी मिळणारा ६०० व्हीएचा लहान यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. टीव्ही धरून थोडी मिनिटं मिळतात, आणि ती खेळायला नसतात; गेम सेव्ह करून कन्सोल रीतसर बंद करायला असतात. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे का ते बघा. जुन्या स्क्वेअर वेव्हवर पंखा गुणगुणतो ना, तसल्या विजेवर मी माझा कन्सोल लावत नाही. हातातल्या कन्सोलला हा प्रश्नच नाही, त्याच्या पोटात बॅटरी आहे.

आता चार्जर, कारण इथं सगळ्यांत जास्त माणसं फसतात. "माझ्या फोनचा ६५ वॅटचा आहे की!" असेल, पण तो ६५ वॅट बहुधा फक्त त्याच कंपनीच्या फोनला देतो. कन्सोल पॉवर डिलिव्हरी नावाची सर्वांना सामाईक भाषा बोलतो. चार्जरच्या अंगावर आउटपुटपुढं ५, ९, १५, २० असे व्होल्टचे आकडे ओळीनं छापलेले असतात, ते वाचा. जुन्या स्विचला डॉकमध्ये १५ व्होल्ट, २.६ अँपिअर लागतात. स्विच २ च्या डॉकला २० व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅट. चार्जरवर ५ आणि ९ एवढंच असेल तर कन्सोल हळूहळू चार्ज होईल, पण डॉकमधून टीव्हीवर चित्र येणार नाही. तुम्ही मात्र एचडीएमआयच्या वायरीला दोष देत बसाल. स्टीम डेक या दुसऱ्या हातातल्या कन्सोलबरोबर ४५ वॅटचा चार्जर येतो, आरओजी अ‍ॅलायबरोबर ६५ चा. त्याच आकड्याचा किंवा वरचा घ्या. वरच्यानं काही जळत नाही, कन्सोल लागेल तेवढंच ओढतो. पॉवर बँकेलाही हाच नियम.

चौथी पायरी: जागा

मूळ पीएस५ वर ८२५ जीबी लिहिलंय, हाताला लागतात साधारण ६६७. सीरिज एसवर ५१२ लिहिलेत, मिळतात ३६४. जुन्या स्विचवर ३२, ओएलईडीवर ६४, स्विच २ वर २५६. मोठा एक गेम शंभर जीबी घेतो, म्हणजे जागा संपणार हे नक्की. प्रश्न एवढाच की काय घालायचं.

आधीचा स्विच असेल तर साधं मायक्रोएसडी कार्ड. स्विच यूएचएस-१ च्या पुढचा वेग वापरूच शकत नाही, म्हणून कॅमेरावाल्यांची महाग कार्डं घेऊन उपयोग नाही. चांगल्या कंपनीचं १२८ किंवा २५६ जीबीचं कार्ड बहुतेकांना पुरतं. एक लक्षात ठेवा: गेम कार्डावर जातो, पण तुमची प्रगती, म्हणजे सेव्ह, कन्सोलच्याच पोटात राहते. कार्ड दुसऱ्या स्विचमध्ये घालून तुमचा अर्धवट खेळ तिथं सापडणार नाही.

स्विच २ असेल तर साधं कार्ड चालत नाही. जुन्या स्विचवरचे फोटो-व्हिडिओ आणायला तेवढं वाचतो, गेम मात्र ठेवू देत नाही. त्याला मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं. ओळखायची खूण सोपी आहे. कार्ड पालथं करा. साध्या कार्डाला सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असते, एक्सप्रेसला तिच्याखाली आणखी एक. कॅमेरावाल्यांच्या काही महाग कार्डांनाही दोन ओळी असतात, म्हणून कार्डाच्या तोंडावर इंग्रजी ईएक्स ही अक्षरंही बघा. किंमत साध्याच्या बरीच वर जाते, त्यामुळं दुकानदार "हे पण चालतंय की" म्हणून साधं हातात ठेवू बघतो. पालथं करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खोट्या कार्डाचं सांगतो, कारण मी स्वतः खाल्लेला दणका आहे. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एक टीबीचं कार्ड घेतलं. भाव इतका कमी की तिथंच डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. कन्सोलनं एक टीबी दाखवलं. तीन गेम घातले, चालले. चौथा घातला आणि पहिला गेला. पाचवा घातला, सगळेच गेले. घरी संगणकावर तपासलं तेव्हा कळलं की आत ३२ जीबीची चिप आहे आणि तिला मोठा आकडा सांगायला शिकवलंय. जागा संपली की ती जुन्यावरच नवं लिहीत जाते, बोंब मात्र मारत नाही. तेव्हापासून नवं कार्ड आलं की आधी संगणकाला लावतो आणि एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे फुकट प्रोग्रॅम वापरून पहिल्या बिटापासून शेवटच्यापर्यंत भरून परत वाचून घेतो. मोठ्या कार्डाला तीन-चार तास लागतात, रात्री लावून झोपायचं. परत करायची मुदत संपायच्या आत हे उरका.

पीएस५ मध्ये दोन वाटा आहेत. यूएसबीची बाहेरची डिस्क स्वस्त पडते. तिच्यावरून पीएस४ चे गेम खेळता येतात, पीएस५ चे फक्त ठेवता येतात. खेळायचे तर परत आत ओढावे लागतात. आमच्या गल्लीतल्या इंटरनेटवर शंभर जीबी पुन्हा उतरवण्यापेक्षा हे ओढणं बरंच, म्हणून जुनी हार्ड डिस्क पडून असेल तर जरूर लावा.

दुसरी वाट, आत एम.२ एसएसडी, म्हणजे पट्टीसारखी छोटी वेगवान डिस्क, बसवणं. भिण्यासारखं काही नाही, पण घेताना चार गोष्टी जुळायला हव्यात. एनव्हीएमई असावी, साटा नको. दोन्ही दिसायला बहिणी आहेत, पण साटा चालत नाही. पीसीआयई चौथ्या पिढीची असावी. वाचायचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा वर, ही सोनीचीच शिफारस. आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, हवाच. तो धरून एकूण उंची ११.२५ मिलिमीटरच्या वर जाऊ नये, नाहीतर झाकण बसत नाही. मला भेटलेल्या एकानं संगणकासाठीचा डोंगराएवढा हीटसिंक लावून आणला होता आणि झाकण रबरबँडनं बांधलं होतं. बसवायच्या आधी कन्सोल पूर्ण बंद करून वायर काढा. बाजूची पांढरी पाटी सरकवली की एक स्क्रू दिसतो, तो काढल्यावर खाच उघडी पडते. आतला छोटा ठोकळा तुमच्या एसएसडीच्या लांबीच्या भोकावर सरकवायचा. एसएसडी तिरकी घालायची, मग दाबून आडवी, मग स्क्रू. स्क्रू खाली पडला तर कन्सोल हलवू नका, चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर शोधा.

एक्सबॉक्सला मागच्या खाचेत बसणारं खास कार्ड येतं, नवे गेम थेट त्याच्यावरून खेळता येतात. महाग आहे, पण बसवायला दोन सेकंद. यूएसबी डिस्क इथंही जुने गेम खेळायला आणि नवे ठेवायला चालते.

पाचवी पायरी: टीव्ही आणि वायर

खोक्यातली एचडीएमआय वायर पुरते. सोन्याचा मुलामा, कापडी वेणी, यानं चित्रात तिळमात्र फरक पडत नाही. वायर लांब हवी असेल तेवढीच नवी घ्या. टीव्ही ४के आणि सेकंदाला ६० चित्रांचा असेल तर वेष्टनावर प्रीमियम हाय स्पीड, १२० चा असेल तर अल्ट्रा हाय स्पीड लिहिलेली बघा, बस्स. जुना स्विच डॉकमधून १०८० च्या वर जातच नाही, त्याला घरातली कुठलीही धड वायर चालते.

या पायरीतली सगळ्यांत चांगली वस्तू फुकट आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते म्हणून नवा कंट्रोलर घ्यायला निघालेल्या तिघांना मी एवढ्यावर घरी पाठवलंय.

आजोळी लाल-पांढऱ्या-पिवळ्या भोकांचा जुना टीव्ही असेल तर एचडीएमआयवरून एव्हीवर नेणारी डबी मिळते. डबी एकाच दिशेनं चालते, उलटी घेऊन येऊ नका. अक्षरं इतकी बारीक दिसतात की गेमातल्या सूचना वाचता येत नाहीत, पण नव्वदीत ज्यांनी टीव्ही गेमच्या कॅसेटी फुंकून घातल्या त्यांना त्याचं काय वाटणार!

सहावी पायरी: कंट्रोलर, म्हणजेच रिमोट

माझ्या टेबलावर येणाऱ्या दहातले सात कंट्रोलर एकाच दुखण्याचे. हात न लावता गेममधला माणूस डावीकडं चालायला लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. स्टिकच्या खाली कार्बनची बारीक पट्टी असते आणि तिच्यावर एक धातूची जीभ घासत फिरते. घासून घासून पट्टी झिजते आणि मधोमध असतानाही चुकीचा आकडा द्यायला लागते. मिरजेत सतारीची जवारी बसली की कारागीर ती पुन्हा काढून देतो. या पट्टीला तसली सोय नाही, पूर्ण भाग काढून नवा भाग सोल्डर करून बसवावा लागतो.

म्हणून दुसरा कंट्रोलर घेताना हॉल इफेक्टवाला किंवा टीएमआरवाला मिळतो का बघा. त्यात चुंबक असतो, काहीच घासत नाही, त्यामुळं ही झीज होत नाही. कन्सोल कंपन्यांच्या स्वतःच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये बहुधा तो नसतो, परक्या चांगल्या कंपन्या देतात. स्विचसाठी एटबिटडू हे नाव बरं आहे. घेताना कन्सोलचं नाव खोक्यावर स्पष्ट लिहिलंय का बघा, कारण एक्सबॉक्सनं २०२३ च्या नोव्हेंबरपासून परवाना नसलेले कंट्रोलर बंद करायला सुरुवात केली, आणि पीएस५ चे गेमही ऐरागैरा कंट्रोलर घेत नाहीत.

पीएस५ चा मूळ कंट्रोलर, ड्युअलसेन्स, घेणार असाल तर नकलेपासून सावध. बाजारात हुबेहूब दिसणारे फिरतात, खोकासुद्धा तसाच. तपासायला तुमच्याच कन्सोलमध्ये आधीपासून बसवलेला अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम हा गेम लावा. मागची बटणं काही ठिकाणी बोटाला जड लागली पाहिजेत आणि फुंकर मारल्यावर माइकनं ओळखलं पाहिजे. यातलं काही झालं नाही तर परत.

एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलवर चालतो. नवे लोक यावर हसतात. मला मात्र हेच आवडतं, कारण पाच वर्षांनी बॅटरी मेली म्हणून तो उघडायची वेळ येत नाही. रिचार्जेबल सेलच्या दोन जोड्या आणि एक चार्जर घ्या, झालं. इतरांच्या आत लिथियमची बॅटरी आहे. परीक्षेच्या काळात कन्सोल माळ्यावर टाकता ना? वर्षभरानं काढलात तर बॅटरी उठत नाही. निन्टेन्डो स्वतः सांगते की सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा. गुढीपाडवा आणि दसरा लक्षात ठेवा.

पुराचा विषय निघालाच आहे असं समजा. २०१९ नंतर माझ्याकडं आत गाळ वाळून बसलेले कंट्रोलर आले होते. पाणी शिरलेली वस्तू "चालते का बघू" म्हणून चालू करू नका, आणि फुगलेली किंवा भिजलेली लिथियम बॅटरी परत चार्ज करू नका. कृष्णाकाठच्या पट्ट्यात घर असेल तर चेनच्या पाऊचपेक्षा रबरी कडेचा, पाणी आत न घेणारा घट्ट डबा घ्या. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. बुटाच्या खोक्यात येतात त्या चालतील.

सातवी पायरी: आवाज

इथं एकच गोष्ट पाठ करा. पीएस५ आणि एक्सबॉक्स तुमचे ब्लूटूथ इअरबड थेट घेत नाहीत. त्यांना स्वतःचा यूएसबी डोंगल, म्हणजे कन्सोलला लावायची छोटी कांडी, सोबत येणारा किंवा त्या कन्सोलसाठीच बनवलेला हेडफोन लागतो. स्विच २०२१ पासून ब्लूटूथ घेतो, पण माइक चालत नाही आणि आवाज किंचित मागून येतो. फोनबरोबर मिळालेला जुना वायरचा इअरफोन ड्युअलसेन्सच्या खालच्या भोकात घालून बघा. माइकसकट चालतो. पहिल्या वर्षाला तेवढं रग्गड.

आठवी पायरी: काच, पाऊच, धूळ

हातातल्या कन्सोलला काच पहिल्या आठवड्यात लावा, वही भरायची वाट बघू नका. मात्र स्विच ओएलईडी आणि स्विच २ च्या स्क्रीनवर कारखान्यातूनच एक पातळ फिल्म चिकटवलेली येते. स्क्रीन फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. मोबाईलच्या नव्या स्क्रीनवरचा कागद समजून लोक ती नखानं सोलतात. सोलू नका, काच तिच्यावरच लावायची. लावायला बाथरूम चांगलं: गरम पाण्याचा नळ दोन मिनिटं सोडला की हवेतली धूळ खाली बसते.

डॉक परक्या कंपनीचा घ्यायचा मोह होतो, कारण मूळचा महाग आणि मोठा. २०१८ साली स्विचचं ५.० अपडेट आल्यावर बाहेरच्या काही डॉकमध्ये बसवलेले कन्सोल कायमचे बंद पडले होते. मी तरी दुसऱ्या खोलीसाठी वापरलेला का होईना, मूळचाच डॉक घेईन.

खाली पंखे लावलेले दिव्यांचे स्टँड मोठ्या कन्सोलसाठी मिळतात. ते घेऊ नका. कन्सोलचा स्वतःचा पंखा पुरेसा आहे. त्याला हवा हवी. पीएस५ भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर लांब ठेवायला कंपनीच सांगते. आपण मात्र तो टीव्हीच्या कपाटात कोंबतो, वर क्रोशाचा रुमाल टाकतो आणि मग तापतो म्हणून स्टँड शोधत हिंडतो.

धुळीचं मात्र मनावर घ्या. आमच्या घराजवळ हळदीची गोदामं. हंगामात माझ्या पांढऱ्या कन्सोलच्या जाळीवर पिवळी झाक धरते, बोट फिरवलं की नख पिवळं. हळदीची पूड मैद्यासारखी बारीक असते आणि पंख्याच्या पात्याला चिकटून बसते. महिन्यातून एकदा मऊ ब्रशनं जाळ्या झाडतो. मूळ पीएस५ ची पाटी काढली की धूळ साठायला मुद्दाम ठेवलेली दोन भोकं दिसतात, तिथं व्हॅक्यूम कमी जोरावर लावायचा. रंगाचा एक ब्रश, चाळीस रुपये. माझ्या मते या लेखातली सगळ्यांत वसूल होणारी खरेदी हीच.

नववी पायरी: कुठून घ्यायचं

कार्ड, चार्जर, एसएसडी अशा वस्तू बिलावर घ्या, मग दुकान हरभट रोडचं असो, विश्रामबागचं असो की ऑनलाइन. ऑनलाइन मागवलेलं खोकं उघडताना चिकटपट्टी कापण्याआधीपासून मोबाईलवर व्हिडिओ घ्या. तक्रार करायची वेळ आली की तोच कामाला येतो. काच आणि पाऊच जिथं स्वस्त मिळेल तिथून, त्यात काही शास्त्र नाही.

वापरलेला कंट्रोलर घ्यायलाही हरकत नाही. वालचंद कॉलेजच्या हॉस्टेलवर शेवटचं वर्ष संपलं की चांगले चांगले विकायला निघतात. पण बघायला जाताना विकणाऱ्याच्या कन्सोलवरच बघा. स्विचच्या सेटिंगमध्ये स्टिक कॅलिब्रेट करायची जागा आहे, तिथं जाऊन स्टिक गोल फिरवा आणि सोडून द्या. खूण मधोमध परत येते का, की कडेला रेंगाळते, ते बघा. दोन्ही स्टिकवर असं वीस-वीस वेळा करा. मागची बटणं, चार्जिंगचं भोक, वायर घालून हलवल्यावर चार्जिंग तुटतं का तेही बघा. मधेच चहा येईल. चहा प्या, पण त्या भरात उरलेली दुसरी स्टिक तपासायची राहू देऊ नका. टेबलावर येणाऱ्या निम्म्या तक्रारी उजव्या स्टिकच्या असतात.